औषधाला दाद न देणाऱ्या पेशी : एका संशोधन सहायिकेच्या पहिल्या वर्षाचं प्रकरण

अमेरिकेत डॉक्टर व्हायचं तर आधी चार वर्षांची पदवी घ्यावी लागते. ती हातात पडल्यावर तडक वैद्यकीय शाळेत जाणारे आता अल्पसंख्य झालेत. निम्म्याहून अधिक मुलं मध्ये एखादं-दोन वर्षं दुसरं काही करतात. हे दुसरं काही म्हणजे पुष्कळदा लॅबमधली संशोधन सहायकाची नोकरी असते. पीएचडीकडे वळणाऱ्यांचंही तसंच. बेथेस्डाच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थने तर याच टप्प्यावरच्या मुलांसाठी 'पोस्टबॅक' नावाची योजना चालवली आहे.

या मुलांना सल्ले भरपूर मिळतात आणि त्यातला सर्वात लाडका सल्ला म्हणजे पेपरवर नाव लागेल अशी लॅब निवडा. इथे मांडलेलं प्रकरण त्या सल्ल्याशी जमत नाही, म्हणूनच मला ते मांडावंसं वाटलं. ते कुठल्या एका लॅबचं नाही. कुणाची ओळख पटू नये म्हणून निरनिराळ्या ठिकाणचे प्रसंग एकत्र करून रचलेलं आहे. त्यातलं जीवशास्त्र मात्र कुणालाही पडताळून पाहता येईल.

नोकरी आणि प्रकल्प

सहायिका जीवशास्त्राची ताजी पदवीधर. नोकरी दोन वर्षांची, जूनमध्ये सुरू झालेली. पहिलं वर्ष संपताना अर्ज भरायचा आणि दुसरं वर्ष मुलाखती व उरलेले प्रयोग यांत काढायचं, असा सरळ बेत. एमडी करायची, पीएचडी करायची की दोन्ही जोडून एमडी-पीएचडी, हे तिचं ठरलेलं नव्हतं. ते ठरावं म्हणूनच तिने ही नोकरी धरली होती.

लॅबचा विषय स्वादुपिंडाचा कर्करोग. निदानानंतर पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचं प्रमाण अमेरिकेत आज सुमारे १३ टक्के आहे, आणि हा आकडासुद्धा पूर्वीपेक्षा बरा म्हणायचा. या रोगावर जेमसायटाबिन १९९६पासून वापरात आहे. औषध पेशीत शिरतं, तिथलं एक एन्झाइम त्याला फॉस्फेट जोडतं, आणि मग ते डीएनएच्या साखळीत घुसून तिची वाढ रोखतं. पण काही काळाने गाठी औषधाला दाद देईनाशा होतात. असं का होतं, यावर लॅबचं काम चालू होतं.

तिथल्या एका पोस्टडॉकने (पीएचडीनंतर लॅबमध्ये काम करणाऱ्या संशोधकाने) 'मिया पाका-२' या सेल लाइनपासून, म्हणजे लॅबमध्ये सतत वाढवत ठेवलेल्या एकाच मूळच्या पेशींपासून, दाद न देणारी उपशाखा तयार केली होती. पद्धत सर्वत्र वापरतात तीच. थोडं औषध द्यायचं, तगतील त्या पेशी वाढवायच्या, मात्रा चढवायची, की पुन्हा तेच. आठ महिन्यांनी मूळ पेशींना मारणाऱ्या मात्रेच्या शंभरपटीहून जास्त औषधातही या पेशी खुशाल वाढू लागल्या. मग त्यांच्या आरएनएचं अनुक्रमण झालं, म्हणजे पेशीत कोणती जनुकं किती चालू आहेत ते वाचलं गेलं. औषध आत घेणारं वाहक प्रथिन जागेवर, फॉस्फेट जोडणारं एन्झाइम जागेवर, औषध निकामी करणारं सायटिडिन डीअमिनेज वाढलेलं नाही. ओळखीच्या वाटांपैकी एकही वापरलेली दिसेना. त्यामुळे लॅबमध्ये उत्साह होता. जुनं कारण सापडत नसेल तर नवं सापडण्याची शक्यता असते, आणि नव्यावर ग्रँट, म्हणजे संशोधनाचा निधी, मिळते.

नोव्हेंबरात वार्षिक कर्करोग परिषदेसाठी सारांश गेला. सहायिकेचं नाव तिसरं. एप्रिलमध्ये पोस्टर, जूनमध्ये अर्ज. एवढं छान वेळापत्रक फार थोड्या सहायकांच्या वाट्याला येतं.

तिचं रोजचं काम सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. पेशी ज्यात वाढतात तो पोषक द्रव, म्हणजे मीडियम, बदलणं, फ्लास्क भरला की पेशी ट्रिप्सिनने सोडवून नव्या फ्लास्कमध्ये पसरवणं (याला पॅसेज म्हणतात), मोजणं, द्रव नायट्रोजनमध्ये गोठवणं, ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये औषधाच्या चढत्या मात्रा लावून ७२ तासांनी किती जगल्या ते पाहणं. सुट्टीच्या दिवशीही यावं लागतं. पेशींना रविवार ठाऊक नसतो. या कामाला लॅबमध्ये फारसा मान नाही. पण पेशी रोज डोळ्यांखालून घालणारी ती एकटीच होती. पोस्टडॉक आलेख बघे, लॅबचे प्रमुख त्या आलेखांचा सारांश बघत.

विसंगती

जानेवारीत मूळ पेशी हट्टी होऊ लागल्या. हा बदल कंट्रोलमधला, म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची त्या खळग्यांमधला. अर्ध्या पेशी मरायला लागणारी मात्रा प्रत्येक प्रयोगागणिक थोडी वर सरकत होती. तिने गोठवलेल्या पेशींची जुनी व्हायल (कुपी) वितळवून पेशी नव्याने वाढवल्या, तर त्या पहिल्यासारख्याच मरत होत्या. पोस्टडॉकचं म्हणणं असं, की जास्त पॅसेज झाल्या की पेशी बदलतात, नव्याच वापर. हे उत्तर चुकीचं म्हणता येणार नाही. असं खरोखर होतं. पण बदल नेमका त्याच औषधाच्या बाबतीत आणि नेमका त्याच दिशेने का व्हावा, हा प्रश्न तिने वहीत लिहून ठेवला.

फेब्रुवारीत पोस्टडॉकने स्वतःच एक चांगला प्रयोग सुचवला. दाद न देणाऱ्या पेशी ज्या मीडियममध्ये वाढल्या ते मीडियम काढून मूळ पेशींना द्यायचं आणि मग औषध घालायचं. मूळ पेशी वाचल्या. मीडियम ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलं, तरी वाचल्या. ते उकळत्या तापमानापर्यंत नेलं, तर मेल्या. याचा अर्थ पेशींच्या बाहेर काहीतरी स्रवतंय, ते गाळणीतून निसटण्याइतकं लहान आहे आणि उष्णतेने मोडतं, म्हणजे बहुधा प्रथिन. लॅब मीटिंगमध्ये त्या दिवशी फळ्यावर 'स्रावित घटक' असे शब्द लिहिले गेले.

मला या प्रकरणात सर्वात शिकण्यासारखी वाटते ती हीच जागा. तिन्ही निकाल खरे होते, प्रयोग नीट केलेले होते आणि निष्कर्ष तर्काला धरून होता. फक्त हेच तिन्ही निकाल दुसऱ्या एका गोष्टीलाही तंतोतंत लागू पडत होते, आणि ती कुणाच्या मनात नव्हती.

सहायिकेने पुढे दोन प्रयोग केले. दोन्ही साधे. पहिल्यात तिने त्याच मीडियममध्ये पेशी ठेवून दुसरी औषधं दिली, पॅक्लिटॅक्सेल आणि ऑक्झालिप्लॅटिन. पेशी नेहमीइतक्याच मेल्या. पेशीला जगण्याचं बळ देणारा घटक असता, तर त्याने या औषधांपुढेही थोडीफार मदत केली असती. इथे मदत फक्त जेमसायटाबिनपुरती होती. मग तिने प्रश्न उलटा केला. पेशी बदलल्यात की औषधच उरत नाही? तिने पेशी पूर्ण वगळल्या. नुसत्या गाळलेल्या मीडियममध्ये जेमसायटाबिन घालून एक दिवस इनक्युबेटरमध्ये ठेवलं आणि ते मीडियम ताज्या, निरोगी मूळ पेशींवर ओतलं. पेशी आरामात वाढल्या. औषध नाहीसं झालं होतं, आणि ते नाहीसं करायला तिथे एकही कर्करोगाची पेशी नव्हती.

त्याच संध्याकाळी तिने फ्रीझरच्या तळाशी पडलेली मायकोप्लाझ्मा तपासणीची पीसीआर किट काढली. सकाळी जेलवर पट्टा उमटलेला होता, म्हणजे मायकोप्लाझ्मा होता.

मायकोप्लाझ्मा

पेशी वाढवणाऱ्या प्रत्येकाने हे नाव ऐकलेलं असतं, आणि ते दुसऱ्याच्या लॅबमध्ये असतं अशी प्रत्येकाची खात्री असते. मायकोप्लाझ्मा हे अतिशय लहान जीवाणू. त्यांना पेशीभित्ती नसते, म्हणून भित्तीवर हल्ला करणारं पेनिसिलिन त्यांच्यावर चालत नाही. भित्ती नसल्याने ते लवचीकही असतात आणि जीवाणू अडवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतूनही निसटतात. इतर जीवाणू शिरले की मीडियम गढूळ होतं, रंग पालटतो, दुर्गंध येतो. मायकोप्लाझ्मा कोटींच्या संख्येने असूनही मीडियम स्वच्छ दिसतं. साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही काही कळत नाही. सततच्या वापरातल्या सेल लाइन्सपैकी १५ ते ३५ टक्के बाधित असतात, असा अंदाज या क्षेत्रात नेहमी दिला जातो. २०१५मध्ये सार्वजनिक संग्रहातल्या आरएनए अनुक्रमणाच्या ८८४ प्रयोगमालिका तपासल्या गेल्या, तेव्हा ११ टक्के मालिकांमध्ये मायकोप्लाझ्माचे तुकडे सापडले. म्हणजे विदा प्रसिद्ध झाली, तिच्यावर पेपर लिहिले गेले, आणि पाहुणा आतच होता.

आता जेमसायटाबिन. मायकोप्लाझ्मा हायोराइनिस ही मुळात डुकरांमधली जात, पण सेल कल्चरमध्ये वारंवार आढळते. तिच्याकडे स्वतःचं सायटिडिन डीअमिनेज असतं. हे एन्झाइम जेमसायटाबिनचं रूपांतर निकामी संयुगात करतं. कर्करोगाच्या पेशीत हे एन्झाइम वाढलेलं नाही हे लॅबने काळजीपूर्वक पाहिलं होतं. पण आरएनएचे मिळालेले तुकडे मानवी जनुकसंचाशी जुळवून पाहिले होते आणि जे जुळले नाहीत ते नेहमीप्रमाणे बाजूला टाकले होते. सहायिकेने नंतर तोच टाकलेला ढीग उपसला. एन्झाइमचं जनुक तिथे होतं, फक्त माणसाचं नव्हतं.

आणि आठ महिन्यांच्या निवडीचं काय? मला वाटतं, इथे जरा थांबून विचार केला पाहिजे. एखाद्या फ्लास्कमध्ये थोडा मायकोप्लाझ्मा शिरला. औषध आल्यावर स्वच्छ फ्लास्कमधल्या पेशी मेल्या, बाधित फ्लास्कमधल्या वाचल्या. वाचलेला फ्लास्क पुढे गेला. मात्रा वाढली, पुन्हा तेच. निवड अगदी चोख झाली होती. मात्र निवडले गेले ते औषध खाणारे जीवाणू. पेशी त्यांच्या आश्रयाने जगत राहिल्या. पद्धतीत खोट नव्हती, आणि नेमकं म्हणूनच कुणाला शंका आली नाही.

गंमत अशी की याच प्रकारच्या बाधेतून एक मोठं संशोधन जन्मलंय. इस्राएलच्या वाइझमन संस्थेतल्या लिओर गेलर, रविद स्ट्राउसमन आणि सहकाऱ्यांनी २०१७मध्ये 'सायन्स'मध्ये दाखवलं की कल्चरमधली जेमसायटाबिनला न जुमानण्याची क्षमता मायकोप्लाझ्मा हायोराइनिसमुळे आलेली होती. ते तिथे थांबले नाहीत. मग रुग्णांच्या गाठींमध्येच असे जीवाणू असतील का, असं त्यांनी विचारलं. स्वादुपिंडाच्या ११३ गाठींपैकी ८६ गाठींत त्यांना जीवाणू मिळाले, बहुतेक गॅमाप्रोटिओबॅक्टेरिया, आणि त्यातल्या अनेकांकडे औषध निकामी करणारं हेच एन्झाइम होतं. आमच्या सहायिकेने हा पेपर पट्टा उमटल्यावर वाचला. पोस्टडॉकने तो कधीच वाचलेला होता. वाचलेलं आणि आपल्या फ्लास्कला लावून पाहिलेलं, यात किती अंतर असतं ते या एका उदाहरणावरून कळावं.

कुणाला, कधी, कसं सांगायचं

आता प्रकरणाचा खरा पेच. तारीख फेब्रुवारीच्या अखेरची. परिषद सहा आठवड्यांवर. प्रमुखांनी याच निष्कर्षांवर ग्रँटचा अर्ज नुकताच धाडलेला. मे महिन्यात एएमकॅस, म्हणजे वैद्यकीय प्रवेशाचा सामायिक अर्ज, भरायला खुला होणार. त्यासाठी शिफारसपत्र प्रमुखांकडूनच यायचं, आणि त्या पत्राचा बहुतांश मजकूर प्रत्यक्षात पोस्टडॉक सांगणार. ही व्यवस्था जगजाहीर आहे. ज्यांच्या कामात खोट निघाली तेच तिच्या भवितव्याचं पत्र लिहिणार होते.

तिच्यापुढे तीन वाटा होत्या. बाधित फ्लास्क गुपचूप फेकून स्वच्छ व्हायलपासून पुन्हा सुरुवात करायची आणि 'परिणाम आता दिसत नाही' एवढंच म्हणायचं. सर्वांत सोपी आणि सर्वांत वाईट वाट, कारण त्यात जुना निष्कर्ष तसाच राहतो. दुसरी वाट, थेट प्रमुखांना ईमेल. तिसरी, आधी पोस्टडॉक.

तिने आधी काहीच सांगितलं नाही, दोन दिवस. या दोन दिवसांवरून मतभेद होऊ शकतात. माझ्या मते ते सार्थकी लागले. पीसीआर ही चाचणी अतिसंवेदनशील असते, हातमोज्यावरच्या किंवा टेबलावरच्या कणांनीही पट्टा उमटू शकतो. म्हणून तिने चाचणी पुन्हा लावली, या वेळी पाण्याचा रिकामा नमुना आणि ज्ञात बाधित नमुना दोन्ही सोबत घेऊन. लॅब मॅनेजरला सांगून फ्लास्कवर नावांऐवजी आकडे घालून घेतले, म्हणजे कुठला नमुना कशाचा ते तिलाच कळू नये. शिवाय होक्स्ट नावाच्या, डीएनएला चिकटून चमकणाऱ्या रंगाने पेशी रंगवल्या. निरोगी पेशीत फक्त केंद्रक चमकतं. या पेशींत केंद्रकाभोवती, पेशीच्या कडेपर्यंत बारीक ठिपक्यांचा सडा होता. दोन वेगळ्या तत्त्वांवरच्या चाचण्या एकच सांगत होत्या.

मग ती पोस्टडॉककडे गेली. 'मला तुला काही दाखवायचं आहे,' एवढंच म्हणून तिने प्रतिमा, जेल आणि औषध नाहीसं होण्याचा प्रयोग समोर ठेवले. पेशींत दोष कुणामुळे आला, याचा उल्लेखही केला नाही. पोस्टडॉक बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, की आपण प्रतिजैविक देऊन पेशी साफ करू, परिणाम टिकला तर काही सांगायची गरजच पडणार नाही. परिषद होऊन जाऊ दे. त्याच्यावर सरळ लबाडीचा शिक्का मारायला मी तयार नाही. साफ करून पुन्हा पाहणं हा शास्त्रीयदृष्ट्या योग्यच प्रयोग आहे. पण प्रतिजैविकाचा उपचार आणि त्यानंतरची वाट पाहण्याची मुदत धरली तर निकाल परिषदेनंतर येणार होता. योग्य प्रयोग चुकीच्या वेळी केला की त्याचा आडोसा होतो.

तिचं उत्तर लॅबमध्ये नंतर पुष्कळांनी सांगितलं. ती म्हणाली, 'साफ तर करूच. पण उद्याच्या मीटिंगआधी सरांना आपण दोघांनी मिळून सांगू या. तुझा मीडियमचा प्रयोग नसता तर हे सापडलंच नसतं.' हे शेवटचं वाक्य समजूत घालण्यापुरतं नव्हतं. ते खरं होतं. त्याला सांगायला जाण्याचा मार्गही त्याच वाक्याने मोकळा करून दिला.

लोक तिच्या प्रामाणिकपणाचं कौतुक करतात. मला ते कौतुक अपुरं वाटतं. प्रामाणिक माणसं पुष्कळ असतात आणि त्यातली बरीच हातात काहीही नसताना बोलायला जातात, मग त्यांना गप्प बसवणं सोपं जातं. हिच्याकडे आंधळी केलेली चाचणी होती, दुसरी स्वतंत्र चाचणी होती, आणि तारखांनिशी वही होती. लॅबच्या उतरंडीत सर्वात खालच्या पायरीवर असलेल्या माणसाला दुसऱ्या कशाच्या जोरावर काम थांबवता येत नाही.

प्रमुख

प्रमुख चिडले. कथेत शोभेल असा उमदेपणा पहिल्या अर्ध्या तासात तरी दिसला नाही. ग्रँटचं काय, हा त्यांचा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न बरा होता: 'पेशी तरी आपल्याच आहेत ना?'

हा प्रश्न अस्थानी नव्हता. कर्करोग संशोधनाचा इतिहास चुकीच्या पेशींनी भरलेला आहे. १९५१मध्ये हेन्रिएटा लॅक्स या रुग्णेच्या गाठीतून आलेल्या हीला पेशी इतक्या जोमाने वाढतात की एखादा थेंब उडाला तरी दुसरी सेल लाइन गिळून टाकतात. स्टॅन्ली गार्टलर यांनी १९६६मध्येच दाखवलं होतं की वेगवेगळ्या अवयवांच्या म्हणून वापरल्या जाणाऱ्या १८ लाइन्स बहुधा हीलाच आहेत. ऐकणाऱ्यांना ते मुळीच रुचलं नाही. एमडीए-एमबी-४३५ ही लाइन वर्षानुवर्षं स्तनाच्या कर्करोगाची म्हणून वापरली गेली; ती त्वचेच्या मेलानोमाची निघाली. अशा चुकीच्या ओळखीच्या लाइन्सची आंतरराष्ट्रीय नोंदवही आहे आणि तिच्यात पाचशेहून अधिक नावं आहेत. २०१६पासून नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ ग्रँटच्या अर्जातच विचारते, की तुमच्या पेशींची ओळख तुम्ही कशी पटवणार.

ओळख पटवण्याची चाचणी म्हणजे एसटीआर प्रोफाइल, न्यायवैद्यकात वापरतात त्याच तत्त्वाची. नमुने पाठवले. पेशी खरोखर मिया पाका-२च निघाल्या. हे लक्षात ठेवण्याजोगं आहे: एसटीआरने फक्त मानवी डीएनए कुणाचा ते कळतं. सोबत जीवाणू राहतोय का, हे तिला विचारलेलंच नसतं. लॅबने दोन वर्षांपूर्वी एसटीआर करून घेतलं होतं आणि त्या प्रमाणपत्राच्या भरवशावर सगळे निर्धास्त होते.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये प्रमुखांनी स्वतः सांगितलं. परिषदेचं पोस्टर मागे घेतलं. कल्चर रूम तीन आठवडे बंद राहिली. इनक्युबेटर रिकामे केले गेले, पाण्याची तबकं बदलली, हूड (पेशी हाताळायच्या निर्जंतुक हवेच्या पेट्या) पुसले, उघडलेल्या मीडियमच्या बाटल्या फेकल्या. लॅबमधल्या आणखी दोघांचे प्रयोग त्यात बुडाले. ते दोघं काही काळ सहायिकेशी तुटक वागले. तिने काही बिघडवलं नव्हतं, पण बातमी आणणाऱ्यावर राग निघतोच.

बाधा कुठून आली हा शोध मात्र सुंदर झाला. नायट्रोजनच्या टाकीतल्या व्हायल्स तारखेनुसार वितळवून तपासल्या. एका ठरावीक तारखेपर्यंतच्या सगळ्या स्वच्छ, त्यानंतरच्या जवळजवळ सगळ्या बाधित. त्या आठवड्यात दुसऱ्या एका लॅबकडून भेट म्हणून आलेली लाइन विलगीकरणाशिवाय त्याच हूडमध्ये, त्याच मीडियमच्या बाटलीतून वाढवली गेली होती. हे कळलं ते तिच्याआधीच्या सहायकाच्या वहीमुळे. त्याने प्रत्येक पॅसेजसमोर बाटलीचा क्रमांक टिपून ठेवला होता, कुणी सांगितलेलं नसताना. तो तोवर कुठल्याशा वैद्यकीय शाळेच्या दुसऱ्या वर्षात शिकत होता. आपली वही दोन वर्षांनी असा उजेड पाडेल, हे त्याच्या गावीही नसेल.

अर्ज

एएमकॅसमध्ये अनुभवांचे जास्तीत जास्त १५ रकाने, प्रत्येकी ७०० अक्षरांचे. त्यातले तीन 'सर्वात अर्थपूर्ण' म्हणून निवडता येतात आणि त्यांना आणखी १,३२५ अक्षरं मिळतात. सहायिकेच्या अर्जात आता पोस्टर नव्हतं, पेपर नव्हता. तिने एमडी-पीएचडीसाठी अर्ज करायचं ठरवलं. तिथे संशोधनावर १०,००० अक्षरांचा स्वतंत्र निबंध लागतो. सल्लागारांपैकी एकाने तिला सुचवलं की बाधेचा भाग गाळ आणि पदवीतल्या प्रकल्पावर लिही, यशस्वी काम दाखव. तिने ते ऐकलं नाही. जे घडलं ते प्रयोगांच्या क्रमाने लिहिलं: काय दिसलं, कोणती दोन स्पष्टीकरणं शक्य होती, कोणत्या प्रयोगाने त्यांना वेगळं केलं. स्वतःच्या धैर्याबद्दल एक ओळ नाही, पोस्टडॉकबद्दल तक्रार नाही.

माझ्या मते तो तिच्या अर्जातला सर्वात भक्कम भाग होता. निवड समित्यांपुढे 'दुसरा लेखक', 'तिसरा लेखक' असे शेकडो कागद येतात, आणि त्या जागेसाठी उमेदवाराने नेमकं काय केलं ते कागदावरून कळत नाही. कुणाला तरी दोन पिपेट धरल्याबद्दल नाव मिळतं, कुणाला वर्षभर राबूनही नाही. दोन स्पष्टीकरणं वेगळी करणारा प्रयोग स्वतः रचणं मात्र उसनं आणता येत नाही. दोन उपप्रश्न विचारले की उघडं पडतं. अर्थात माझं म्हणणं सगळीकडे चालेल असं नाही. एका मुलाखतीत तिला सरळ विचारलं गेलं, की मग या वर्षाचं फलित काय? तिथून तिला नकार आला. दुसऱ्या मुलाखतीत एका वयस्क प्राध्यापिकेने तासभर फक्त मीडियमच्या प्रयोगाबद्दल विचारलं, आणि नोव्हेंबरआधीच मायकोप्लाझ्मा का तपासला नाही, असा प्रश्न टाकला. सहायिका म्हणाली, 'तपासायचा नियम नव्हता, आणि नियम का नाही हे मी विचारलं नव्हतं.' तिथे तिला प्रवेश मिळाला.

शिफारसपत्र प्रमुखांनी लिहिलं. त्यात काय होतं ते गोपनीय आहे, पण त्याआधी त्यांनी तिच्याकडून वहीची काही पानं मागून घेतली होती, एवढं लॅबला ठाऊक आहे. ज्यांना पत्र हवंय त्यांनी याची नोंद घ्यावी: लिहिणाऱ्याला लिहिण्यासारखं काहीतरी लागतं, आणि 'मेहनती, वक्तशीर, मनमिळाऊ' या तीन शब्दांनी भरलेली पत्रं समित्या बाजूला ठेवतात.

दुसरं वर्ष

प्रतिजैविकाचा उपचार दोन आठवडे, मग प्रतिजैविकाशिवाय काही आठवडे, मग पुन्हा चाचणी. पेशी साफ झाल्या. शंभरपट प्रतिकार गेला, पण पूर्ण गेला नाही. मूळ पेशींच्या तुलनेत साधारण चौपट उरला, आणि तो मीडियमबरोबर दुसऱ्या पेशींकडे जात नाही. म्हणजे तो पेशींचा स्वतःचा आहे. जीवाणूंच्या आडोशाने का होईना, त्या आठ महिने औषधाच्या संगतीत राहिल्या होत्या. हा चौपट प्रतिकार कशामुळे, यावर सहायिकेने उरलेलं वर्ष काढलं. प्रकल्प आधीपेक्षा लहान आहे, त्यावर मोठ्या मथळ्याची बातमी होणार नाही. पोस्टडॉक त्यात तिच्याबरोबर होता. सुरुवातीचा अवघडलेपणा हळूहळू कमी झाला.

लॅबने नियम केले. बाहेरून आलेली लाइन वेगळ्या इनक्युबेटरमध्ये, दोन चाचण्या स्वच्छ येईपर्यंत. दरमहा मायकोप्लाझ्मा तपासणी. प्रत्येकाची मीडियमची बाटली स्वतंत्र. मीडियममधली कायमची प्रतिजैविकं बंद, कारण ती निष्काळजीपणा झाकतात.

एक काम उरलं होतं आणि ते सर्वांत अवघड निघालं. दाद न देणाऱ्या पेशी मधल्या काळात दोन लॅबना भेट म्हणून पाठवल्या गेल्या होत्या. प्रमुखांनी दोघांना पत्र लिहिलं, चाचण्यांच्या प्रतिमा जोडल्या. एका लॅबने त्या अजून वितळवल्याच नव्हत्या. आभार मानून व्हायल्स नष्ट केल्या. दुसऱ्या लॅबचा एक पेपर त्या पेशींवर परीक्षणासाठी गेला होता. त्यांनी तो परत मागवला आणि स्वच्छ पेशी पाठवण्याची विनंती केली, चाचणीच्या तारखेसह. ती व्हायल सहायिकेनेच गोठवली, तपासली आणि पाठवली.